६४ केबीपीएसवर आठ महिने: काय उरलं, काय गेलं

८ जीबीचा पेनड्राइव्ह, गाडीतला स्टिरिओ आणि माझा हावरटपणा. सीडीच्या मूळ दर्जात, म्हणजे १४११ केबीपीएसला (आवाजाच्या दर सेकंदाला इतके हजार बिट), त्यात जेमतेम १३ तास बसतात. ६४ च्या एमपी३ मध्ये पावणेतीनशे. मार्चमध्ये सगळा संग्रह दाबून बसवला. रोज जाता-येता दीड तास ऐकतोय.

बातम्या, व्याख्यानं, कीर्तन यांना ६४ खुशाल वापरा. भावगीतंही एसीच्या घरघरीत खपून जातात. घोळ होतो ख्यालात. गायकाचा आवाज शाबूत, पण मागचा तानपुरा पाण्याखाली धरल्यासारखा गुळगुळतो, मध्येच विरतो, गायकाने श्वास घेतला की परत येतो. मी खापर स्पीकरवर फोडलं आणि तो बदललासुद्धा. १४०० रुपये गेले, तानपुरा तसाच.

कारण नंतर उमगलं. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला कळत नाही, या हिशोबावरच एमपी३ चालतो आणि बिट कमी पडले की पहिली काटछाट तिथेच करतो. जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या त्या झणझणत्या गुंजनाची, सगळी गंमत तर त्या बारीक, वरच्या स्वरांशांत! ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली, तर ११ हजार हर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं रिकामं. तबल्याचंही तेच: किनारीवरचा टणक 'ना' पसरट होतो, थापेच्या आधीच किंचित खसखस ऐकू येते.

कोणती ते न सांगता फाइली लावायचं काम मुलाला दिलं. ३२० आणि सीडीतला फरक मला ओळखता आला नाही (पन्नाशीचे कान, कबूल). १२८ फक्त तबल्यात आणि टाळ्यांत पकडलं. ६४ दोन सेकंदांत. गंमत म्हणजे इतक्या महिन्यांनी मूळ सीडी ऐकली, तेव्हा आधी तीच कर्कश वाटली! कान इतके सरावले होते.

६४ च्या फाइली ३२० मध्ये बदलून पाहायचा शहाणपणाही केला. आकार पाचपट झाला, तानपुरा काही आला नाही.

आता गाण्यासाठी ३२०, बोलण्यासाठी ६४. पण वडिलांच्या ३२ कॅसेटी मी थेट ६४ वरच उतरवल्या होत्या आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारात दिल्या. त्यात रेडिओसमोर टेप ठेवून भरलेली एक मैफल आहे. शेवटच्या टाळ्या पत्र्यावरच्या पावसासारख्या वाटतात. मध्येच वडिलांचं "अगं, कुकर बंद कर" मात्र अगदी स्वच्छ ऐकू येतं.