दोन गर्भनिरोधक अडथळे एकत्र: कोणती जोडी कामाची, कोणती नको

पुरुषांचा कंडोम दर वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट वापरला तर वर्षभरात 100 पैकी साधारण 2 स्त्रियांना दिवस जातात. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसं धरलं, तर 13 जणींना. ही तफावत येते ती उशिरा चढवल्यामुळे, काढताना निसटल्यामुळे आणि ‘आजच्या दिवस राहू दे’मुळे. जोडीला दुसरं साधन घ्यायचं ते या चुका सावरण्यासाठी.

मला सगळ्यांत पटते ती कंडोम आणि डायफ्रामची जोडी. डायफ्राम म्हणजे स्त्रीने योनीत बसवायची मऊ, वाटीसारखी टोपी. ती गर्भाशयाच्या मुखाशी बसते, त्यामुळे दोन्ही एकमेकांना घासत नाहीत. कंडोम फाटला तरी शुक्राणुनाशक जेल लावलेला डायफ्राम जागेवर असतो. संबंधानंतर तो किमान 6 तास आतच ठेवायचा, पण 24 तासांच्या वर नाही. एकट्या डायफ्रामचा आकडा 17 च्या आसपास आहे. म्हणून 13 आणि 17 टक्क्यांचा गुणाकार करून ‘आता धोका दोनच टक्के’ असं मात्र समजू नका. घाईच्या रात्री दोन्ही साधनं एकदमच राहून जातात!

कंडोम आणि नुसतं जेल ही जोडी त्याहून कमकुवत, तरी एकट्या कंडोमपेक्षा बरी. जेल योनीत वेगळं घालावं लागतं. कंडोमला आधीच लावलेल्या शुक्राणुनाशकाचा जादा फायदा सिद्ध झालेला नाही. नॉनॉक्सिनॉल-9 या शुक्राणुनाशक रसायनाचं जेल वारंवार वापरल्यास आतल्या त्वचेची आग होते आणि एचआयव्हीच्या संसर्गाची शक्यता वाढते. तो धोका असलेल्यांनी हे जेल टाळावं, डायफ्रामसोबतही.

कंडोम लावूनही वीर्य बाहेर सोडणं, ही बिनखर्चाची जोडी लोक उगाच कमी लेखतात.

पुरुषाचा आणि स्त्रीचा कंडोम एकाच वेळी वापरू नका. घर्षणाने ते सरकतात, फाटतात. एकावर एक दोन कंडोमही नकोत. लॅटेक्सच्या कंडोमला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका.

दिवस जाऊन मुळीच चालणार नसेल, तर दोन अडथळ्यांपेक्षा तांबी बसवून घ्या आणि लैंगिक आजारांपासून बचावासाठी सोबत कंडोम वापरा. तांबीवर वर्षाला 100 पैकी एकीलाही क्वचितच दिवस जातात.

कोणतीही जोडी असो, कंडोम फाटला आणि दुसऱ्या साधनाचा भरवसा नसेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची (संबंधानंतर घ्यायची तातडीची गर्भनिरोधक) गोळी 72 तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर घ्या. 5 दिवसांच्या आत तांबी बसवली तर तीही उपयोगी पडते, आणि गोळीपेक्षा जास्त खात्रीची.