व्होटर्स पॅम्फ्लेट: ऑडिटरचा उमेदवार निवडायला कितपत कामाचं?

चार स्टार. एक कापलाय, का ते खाली येईलच.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मतदान करणाऱ्यांना हे पुस्तक, म्हणजे उमेदवारांची निवेदनं छापलेलं व्होटर्स पॅम्फ्लेट, माहितीच असेल, निवडणुकीआधी टपालाने घरी येतं, फुकट. बॅलट (मतपत्रिका) पण घरीच येतं, परत पाठवायला तिकीट पण लावायला लागत नाही, त्यामुळे सगळा कारभार जेवणाच्या टेबलावर निवांत उरकता येतो. मेयरसाठी मी हे उघडतसुद्धा नाही, तोपर्यंत जाहिरातींनी डोकं इतकं खाल्लेलं असतं की सगळं पाठ झालेलं असतं. खरा उपयोग होतो तो पोर्टलंड शहराच्या सिटी ऑडिटरसाठी (शहराचा लेखापरीक्षक), ज्याच्या निवडणुकीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आपल्याकडे महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक नेमलेला असतो, इथे तो लोक निवडून देतात, चार वर्षांसाठी. आणि कोणीही उठून उभं राहू शकत नाही बरं का, सीपीए (पब्लिक अकाउंटंट), सीआयए (इंटर्नल ऑडिटर, गुप्तहेर नव्हे) किंवा सीएमए (मॅनेजमेंट अकाउंटंट) यातलं एक सर्टिफिकेट असलंच पाहिजे. बाकी कुठल्या पदाला अशी अट असती तर अर्धे उमेदवार घरीच बसले असते!

पॅम्फ्लेटमधे प्रत्येक उमेदवाराच्या निवेदनात सुरुवातीला चार गोष्टी द्याव्याच लागतात: सध्याचा व्यवसाय, आधीची कामं, शिक्षण, सरकारी कामाचा अनुभव. मी तेवढंच नीट वाचते. सरकारी ऑडिट केलंय की नुसती खाजगी कंपन्यांची टॅक्स रिटर्न्स भरलीत, ते तिथे लगेच कळतं. दोन्ही अकाउंटंटच, पण पाणीखात्याचं काम वेळेवर का होत नाही हे शोधणं वेगळं आणि जमाखर्च जुळवणं वेगळं. त्याखालच्या मजकुरात "मी टॅक्स कमी करेन", "रस्ते सुधारेन" असं काही असेल तर सरळ पान उलटायचं, कारण ऑडिटरला बजेट ठरवताच येत नाही. तो तपासतो, रिपोर्ट लिहितो, शिफारस करतो, पुढे ऐकायचं की नाही ते बाकीच्यांच्या हातात. "मी स्वतंत्र राहीन" हे मात्र सगळेच लिहितात. त्यात कोणी २०१७ च्या चार्टर (शहराची सनद) बदलाबद्दल बोललं तर थांबून वाचायचं, कारण त्याआधी ऑडिटरला सल्ला द्यायला सिटीचाच वकील, म्हणजे ज्यांना तपासायचं त्यांचाच, असायचा; बदल झाल्यावर स्वतःचा वकील ठेवायची सोय झाली.

आता तो कापलेला स्टार. निवेदनाखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की ही माहिती उमेदवाराने दिलेली आहे आणि तिची खातरजमा केलेली नाही. म्हणजे ऑडिटरच्या उमेदवाराचं पान, आणि तेच कोणी ऑडिट केलेलं नाही, कमाल आहे! शिवाय ज्याने फी भरली नाही किंवा त्याऐवजी सह्या गोळा केल्या नाहीत त्याचं पानच नसतं.

म्हणून नुसत्या पुस्तकावर जाऊ नका. उमेदवार आधी कुठल्या सरकारी ऑडिट खात्यात असेल तर ते रिपोर्ट बहुतेक वेळा ऑनलाइन असतात, टीममधल्यांची नावं पण बऱ्याचदा दिलेली असतात. एक रिपोर्ट काढा आणि शेवटी तपासलेल्या खात्याने दिलेलं उत्तर आधी वाचा. खात्याचे लोक वैतागलेले दिसले आणि तरी आकडे खोडता आले नसतील, तर माझं मत त्या उमेदवाराला.