सिंधुदुर्गात यायचं तर चिपीला उतरावं की मोपाला?

सिंधुदुर्गातलं चिपी आणि उत्तर गोव्यातलं मोपा या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर 45 किलोमीटरच्या आसपास भरतं. मुंबईहून चिपी साधारण 350 किलोमीटर, मोपा 385. म्हणजे चिपीचं विमान आधी पोचणार, असा हिशेब बहुतेकजण करतात. तो चुकतो. चिपीला प्रामुख्याने एटीआर 72 जातीची पंख्यांची विमानं येतात, त्यांचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. मोपाला मोठी जेट विमानं उतरतात, ती बरीच वेगवान. त्यामुळे वेळापत्रकात दोन्हीकडे सव्वा तासाच्या आगेमागेच वेळ दिसते. विमानातली मिनिटं मोजत बसू नका, उतरल्यावर कुठल्या गावाला जायचंय ते आधी बघा.

मालवण, देवबाग, तारकर्ली, परुळे, भोगवे इथे जायचं असेल तर चिपीच. मालवण सरळ रेघेत दहा किलोमीटरही नाही, मध्ये कर्लीची खाडी आहे एवढंच. मोपाहून तेच मालवण रस्त्याने 80 किलोमीटरच्या वर जातं. सोबत लहान मूल किंवा गुडघ्यांनी बेजार झालेली आजी असेल तर हे दोन-अडीच तास फार जड जातात. शिवाय चिपीचा टर्मिनल छोटा, चालणं कमी. एटीआरच्या पायऱ्या मात्र उभ्या असतात, आजीचा हात धरायला माणूस हवा.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, शिरोडा, रेडी, आंबोली यांच्यासाठी मात्र मोपा बिनदिक्कत घ्या. बांदा तर अगदी शेजारी. गोव्यातून महाराष्ट्रात येणारी गाडी असल्यामुळे भाडं बसायच्या आधीच ठरवा. गावाकडची ओळखीची गाडी बोलावलेली सगळ्यात बरी. विमानतळावरच्या कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसगाड्या पणजी-म्हापशाकडे जातात, आपल्या बाजूला त्यांचा उपयोग नाही. कुडाळ आणि वेंगुर्ला चिपीला जवळ, पण फरक एवढा मोठा नाही की त्यासाठी गैरसोयीची वेळ घ्यावी.

आता खरी अडचण. चिपीचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 ला झालं. मोपाहून उड्डाणं सुरू झाली 5 जानेवारी 2023 ला, म्हणजे सव्वा वर्षाने. तरी फेऱ्यांच्या बाबतीत मोपा केव्हाच पुढे निघून गेला. चिपीच्या फेऱ्या मोजक्या, त्यांचे वार आणि शहरं बदलत राहतात. कोकणच्या माणसाने चिपीच्या जास्त फेऱ्यांचा आग्रह धरायला हवा, कारण गणपतीला सगळ्यात जास्त गरज असते ती चाकरमान्यांना. त्यात दोन्ही विमानतळ सड्यावर, म्हणजे उंच खडकाळ पठारावर. पावसात ढग खाली आले की विमान खोळंबतं. मोपाला नंतरचं विमान मिळण्याची आशा तरी असते, चिपीला बहुधा दुसऱ्या दिवसावर जातं.

परतीला सामानाचा विचार करा. देशांतर्गत प्रवासात साधारण 15 किलोची मुभा असते, दोन डझन हापूसची पेटी घेतली की त्यातलं निम्मं संपलंच. कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, हातातल्या बॅगेत चालत नाही, ते नीट बांधून मोठ्या बॅगेत टाका.

माझं मत विचाराल तर मालवणकराने येताना चिपी घ्यावं. जाताना मुंबईहून पुढे दुबईचं किंवा लंडनचं विमान पकडायचं असेल, तर मोपा घ्यावं, आणि तेही आदल्या दिवशीचं.