अणुभट्टीचे नियंत्रण शिकवण्यासाठी सायलॅब : एका प्राध्यापकाचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी कोळशाच्या खाणी आणि चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र जवळून पाहिलेले असते; अणुभट्टी मात्र त्यांच्यासाठी पुस्तकातली आकृतीच राहते. आधुनिक नियंत्रण सिद्धांत अणुभट्टीला कसा लावतात हे शिकवण्यासाठी मी सायलॅब हे गणिती आकडेमोडीचे मोफत सॉफ्टवेअर वापरतो आणि या कामासाठी ते मी मनापासून सुचवतो.

अणुभट्टीच्या साध्या प्रतिमानातही न्यूट्रॉन शक्ती, विलंबित (विखंडनानंतर काही वेळाने बाहेर पडणाऱ्या) न्यूट्रॉनांचे सहा गट, इंधन व शीतक यांची तापमाने, आयोडीन आणि त्यापासून बनणारा, न्यूट्रॉन शोषून घेणारा झेनॉन धरले की अकरा अवस्थाचले, म्हणजे भट्टीची त्या क्षणाची स्थिती सांगणाऱ्या बदलत्या राशी, होतात. जड पाण्याच्या भट्टीत न्यूट्रॉनची एक पिढी साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते, सर्वांत संथ विलंबित गटाचा अर्धायुकाल सुमारे ५५ सेकंद असतो, तर झेनॉन-१३५चा ९ तासांहून अधिक. वेगांत एवढी तफावत असलेली समीकरणे लहान लहान पावलांनी पुढे जाणाऱ्या नेहमीच्या रुंगे-कुट्टा पद्धतीने सोडवायला बसलो तर तास संपतो. सायलॅबच्या ‘ओडीई’ या विकलक समीकरणे सोडवणाऱ्या फलनाला अशा तफावतीसाठीचा ‘स्टिफ’ हा पर्याय दिला की तेच गणित जुन्या संगणकावरही झटपट सुटते. पूर्ण शक्तीवरची भट्टी बंद केल्यावर झेनॉन आधी वाढत जातो, दहा-अकरा तासांनी शिखर गाठतो आणि मगच उतरू लागतो. हा आलेख पाहिला की १९८६ साली चेर्नोबिलच्या चालकांनी घसरलेली शक्ती सावरण्यासाठी इतके नियंत्रक दांडे बाहेर का ओढले, हे विद्यार्थ्यांना कळते.

खरी गोडी याच्या पुढे आहे. गाभ्यातील झेनॉन थेट मोजता येत नाही; मोजतात तो न्यूट्रॉन प्रवाह आणि तापमान. नियंत्रण सिद्धांताचे अभ्यासक काल्मन यांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीने या मोजमापांवरून न दिसणाऱ्या झेनॉनचा अंदाज बांधता येतो, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. मात्र असा अंदाज बांधता येईल का हे तपासणाऱ्या सायलॅबच्या ‘ऑब्झ्व्हमॅट’ फलनाने काढलेल्या सारणीची कोटी (तिच्यातील परस्परस्वतंत्र ओळींची संख्या) अनेकदा कमी भरते आणि विद्यार्थी प्रणाली निरीक्षणक्षम नाही, म्हणजे मोजमापांवरून तिची अवस्था ओळखता येत नाही, असे लिहून मोकळे होतात; वस्तुतः संख्यांच्या आकारमानातील प्रचंड फरकामुळे तसे होते. अवस्थाचले आधी योग्य प्रमाणात बसवून घ्यावीत.

अणुभट्टीच्या भागांची तयार प्रतिमाने सायलॅबमध्ये मिळत नाहीत, समीकरणे स्वतःच लिहावी लागतात. शिकणाऱ्याचे त्यात भलेच होते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमातील सायलॅबचे मराठी धडे आधी उतरवून ठेवले, तर नेटवर्क गेले तरी वर्ग अडत नाही.

तारापूरच्या ५४० मेगावॉट भट्ट्यांसाठी मात्र एकबिंदू प्रतिमान, म्हणजे सगळा गाभा एकच बिंदू मानणारे वरचे प्रतिमान, पुरत नाही. तेथे गाभ्याच्या वेगवेगळ्या भागांतील शक्ती आवरणाऱ्या नियंत्रक पाण्याचे १४ कप्पे आहेत. प्रत्येकासाठी शक्ती, एक विलंबित गट, आयोडीन, झेनॉन आणि पाण्याची पातळी एवढेच धरले तरी ७० अवस्थाचले होतात. एवढ्या मोठ्या प्रतिमानाची जलद आणि संथ भागांत विभागणी करणारा कार्यक्रम स्वतःच लिहावा लागतो, आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी तेच काम देतो.