ट्रूनॅट: यंत्र चोख, पण बेडका नीट हवा

टीबीच्या निदानासाठी गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट, म्हणजे बेडक्यातल्या जंतूंचा डीएनए शोधणारं यंत्र, ग्रामीण प्रयोगशाळेने जरूर घ्यावं. बॅटरीवर चालतं, एसी खोली मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिली बेडक्यात साधारण १०,००० जंतू लागतात. ट्रूनॅटला, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, शंभरच्या आसपास पुरतात. तासाभरात निकाल हातात येतो.

मात्र सीबीनॅट या अशाच दुसऱ्या डीएनए चाचणीसारखं कार्ट्रिज (नमुन्याची बंद कुपी) भरलं की काम झालं, असं इथे नाही. बेडक्यात तो पातळ करणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं थांबायचं, मग त्यातला ०.५ मिली पुढच्या बाटलीत, तिथून कार्ट्रिजमध्ये. ट्रूप्रेप हे जोडयंत्र सुमारे वीस मिनिटांत डीएनए वेगळा करतं. त्यातले नेमके ६ मायक्रोलिटर कोरड्या रसायनाच्या ट्यूबमध्ये विरघळवून, जिच्यावर तपासणी होते त्या चिपवर सोडायचे. इथेच हात चुकतात. पिपेटमधून बुडबुडा गेला किंवा थेंब कमी पडला की चाचणी वाया जाते. बेडका पुरता पातळ झाला नसेल तर कार्ट्रिज तुंबतं. मग यंत्र ‘इनव्हॅलिड’ (निकाल अवैध) दाखवतं, पण ‘इनव्हॅलिड’ म्हणजे निगेटिव्ह नव्हे. चाचणी पुन्हाच करावी लागते. घाईच्या दिवशी असा रुग्ण ‘टीबी नाही’ म्हणून घरी जातो, हे अक्षम्य आहे.

नमुन्याकडे तर सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. डबीत नुसती लाळ असेल तर उत्तम यंत्रही काही करू शकत नाही. रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, मोकळ्या हवेत उभं करा, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला लावा. २ ते ५ मिली घट्ट बेडका हवा. सकाळी उठल्याबरोबरचा सगळ्यात चांगला.

उणिवा दोन. टीबीवरच्या रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतात का, हे पाहायला वेगळी चिप आणि आणखी तासभर लागतो. त्यामुळे पॉझिटिव्ह आल्यावर उरलेला डीएनए फेकू नका, तोच वापरायचा असतो. आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाचा प्रतिरोध या चिपवर कळतच नाही. त्यासाठी नमुना एलपीए (लाइन प्रोब असे) या औषध-प्रतिरोधाच्या चाचणीला पाठवावा लागतो.

उपचार सुरू असताना प्रगती पाहायला ही चाचणी मागवू नये. मेलेल्या जंतूंचा डीएनएही पॉझिटिव्ह दाखवतो आणि बरा होत असलेला रुग्ण विनाकारण घाबरतो. तिथे स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) आणि कल्चरच (जंतू वाढवून पाहणं) हवं.