अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसची सोल्युशन्स आर्किटेक्ट मुलाखत: कस लावणारी, पण तयारीला न्याय देणारी

ग्राहकांसाठी क्लाउडवरच्या यंत्रणेचा आराखडा करणाऱ्या या पदासाठी आधी फोनवरची फेरी, मग ‘लूप’: साधारण 5 मुलाखती, प्रत्येकी तासाभराची. त्यातला ‘बार रेझर’ म्हणजे निवडीचा दर्जा राखणारा मुलाखतकार, तो भरती करणाऱ्या टीमच्या बाहेरचा असतो. 16 लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे ज्यांवर प्रश्न येतात ती कंपनीची कामाची तत्त्वं, कंपनीच्या साइटवर उघड आहेत, ही फार चांगली गोष्ट. उत्तरात ‘आम्ही केलं’ नको; मी काय केलं आणि त्याने आकडा किती हलला, ते हवं.

खरी गळती डिझाइनच्या, म्हणजे यंत्रणेचा आराखडा मांडायच्या, प्रश्नात होते. ऐकल्याबरोबर लोक आकृतीतले चौकोन काढायला लागतात. आधी विचारा: सेकंदाला रिक्वेस्ट किती, किती मिनिटांचा डेटा गेला तर चालेल, बंद पडल्यावर किती वेळात उभं राहायला हवं? आरडीएस या डेटाबेस सेवेचं मल्टी-एझेड फेलओव्हर, म्हणजे मुख्य डेटाबेस पडल्यावर दुसऱ्या डेटा सेंटर विभागातल्या राखीव प्रतीवर जाणं, साधारण 60 ते 120 सेकंद घेतं. ग्राहकाला तेवढंही परवडत नसेल तर आराखडाच बदलतो. रीड रेप्लिका, म्हणजे फक्त वाचण्यासाठीची डेटाबेसची प्रत, असिंक्रोनस असते, मूळ डेटाबेसच्या थोडी मागे राहू शकते, म्हणून पैसे भरूनही बॅलन्स जुनाच दिसण्याचा घोळ तिथे होतो. खर्चही आपणहून काढा: खाजगी नेटवर्कमधल्या सर्व्हरना इंटरनेटपर्यंत पोचवणाऱ्या नॅट गेटवेचं बिल तासावर लागतं आणि त्यातून जाणाऱ्या डेटाच्या जीबीवरही.

सगळ्या फेऱ्या एकाच दिवशी आल्या तर शेवटी दमछाक होते. दोन दिवसांत विभागून मिळतील का, हे रिक्रूटरला आधीच विचारा.