आरसी गाडीची बॅटरी आणि चार्जर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत घरी एक दशांश प्रमाणातील, दोन चाकांवर ओढणारी, ब्रश मोटरची आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी आणली. तिच्यासोबत ७.२ व्होल्ट, ३००० एमएएचचा निकेल मेटल हायड्राइड पॅक आणि भिंतीत खोचायचा छोटा चार्जर आला होता. पुढे मी ७.४ व्होल्ट, ५००० एमएएचचे, प्रत्येकी दोन सेलचे, टणक कवचाचे दोन लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक आणि स्कायआरसीचा बी६एसी हा ५० वॅटचा चार्जर घेतला. हा लेख गाडीविषयी नसून या बॅटऱ्या आणि चार्जर यांच्या वापराविषयी आहे. माझे मत आधीच नोंदवतो: आपल्याकडे या छंदात पहिला खर्च चार्जरवर करावा, बॅटरीची निवड त्यानंतर करावी, कारण कोल्हापुरात बॅटरी धावून जितकी झिजते त्यापेक्षा जास्त नुसती पडून राहिल्याने खराब होते.

याचे कारण आपला पाऊस आहे. जून लागला की मैदानांचा चिखल होतो, आणि गांधी मैदानावर साचणारे पाणी कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. उरलेल्या कोरड्या जागांवर पेठांतील पोरांचा फुटबॉल चालू असतो आणि तो बंद करून आपण गाडी फिरवावी असे कोणी म्हणणार नाही. परिणामी जून ते सप्टेंबर गाडी कपाटावर राहते आणि त्या काळात लायपो पॅक कोणत्या व्होल्टेजवर ठेवला आहे, यावर पुढच्या हंगामात तो किती चालणार हे अवलंबून असते. लायपोचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२० व्होल्ट दाखवतो. त्या अवस्थेत तो आठवडेच्या आठवडे ठेवला, त्यातही उकाड्यात, तर आतील रासायनिक क्षय वाढतो, वायू तयार होऊन पॅक फुगतो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. उलट अगदी रिकामा ठेवला तर हळूहळू होणाऱ्या गळतीने सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ शकतो आणि मग शहाणा चार्जर त्याला भरायलाच नकार देतो. साठवणुकीसाठी योग्य पातळी सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्ट, म्हणजे दोन सेलच्या पॅकला साधारण ७.६ ते ७.७ व्होल्ट. गाडीसोबत मिळणाऱ्या भिंतीवरच्या चार्जरला हे काम येत नाही; ते करणारा 'स्टोरेज' मोड बी६एसीमध्ये आहे.

मात्र या मोडची एक मर्यादा खोक्यावरच्या तक्त्यात असूनही सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. भरण्याची क्षमता ५० वॅट असली तरी हा चार्जर रिकामे करताना जेमतेम ५ वॅट खर्च करू शकतो. पूर्ण भरलेल्या ५००० एमएएच पॅकमधून साठवणुकीच्या पातळीला येण्यासाठी साधारण २५०० एमएएच, म्हणजे सुमारे १९ ते २० वॅट-तास ऊर्जा काढावी लागते. ५ वॅटने त्याला जवळजवळ चार तास लागतात आणि तेवढा वेळ चार्जरचा बारीक पंखा घरघरत राहतो. खेळायचे म्हणून दोन्ही पॅक भरून ठेवावेत आणि नेमका वळीव कोसळावा, हे एप्रिल-मेमध्ये वारंवार घडते. अशा वेळी मी दुचाकीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब वापरतो. कमी व्होल्टेजमुळे तो पूर्ण क्षमतेने जळत नाही, तरीही चार्जरच्या निम्म्या वेळात काम उरकतो. बल्ब आपणहून थांबत नाही, त्यामुळे पॅकच्या पांढऱ्या तीन पिनांच्या बॅलन्स जोडणीवर (हिच्यातून प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो) छोटा व्होल्टेज अलार्म खोचतो आणि तो ३.८ वर लावतो. त्याच्या लाल आकड्यांत आधी दोन सेलची बेरीज, मग पहिला सेल, मग दुसरा असे क्रमाने दिसत राहते आणि पातळी गाठली की तो असा कर्कश ओरडतो की शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस उठून बसावा. बल्ब तापतो, म्हणून तो फरशीवर ठेवावा आणि काम संपेपर्यंत तिथून हलू नये.

चार्जरची ताकद किती हवी, याचा हिशेब सोपा आहे. लायपो सामान्यतः १सी दराने, म्हणजे ५००० एमएएचचा पॅक ५ अँपिअरने भरावा. ५ अँपिअर गुणिले ८.४ व्होल्ट म्हणजे ४२ वॅट; त्यामुळे दोन सेलच्या पॅकला ५० वॅट पुरतात. तीन सेलला मात्र १२.६ व्होल्टच्या हिशेबाने ६३ वॅट लागतील, म्हणजे हाच चार्जर तिथे ४ अँपिअरच्या आसपास अडकेल. भरण्याचा वेळ तासाभराचा असे सांगितले जाते, प्रत्यक्षात थोडा जास्त लागतो, कारण सेल ४.२० व्होल्टला पोचल्यावर चार्जर व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू उतरवतो. पडद्यावर ५.० अँपिअरचा आकडा ४ वर, २ वर, शेवटी अर्ध्या अँपिअरवर येताना दिसतो. ही शेवटची वाट लांब वाटते, पण दोन्ही सेल एका पातळीवर आणण्याचे काम याच टप्प्यात पूर्ण होते. बॅलन्स जोडणी न लावता भरण्याची सोय चार्जरमध्ये आहे. ती नाही असे समजून चालावे.

बी६एसी ज्या बी६ मालिकेतला, तिच्या नकला बाजारात भरपूर आहेत. एका मित्राकडील तसा चार्जर पडद्यावर ४.२० दाखवत असताना उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये दोन वेगवेगळ्या मीटरवर तोच सेल ४.२४ भरला. आकडा किरकोळ वाटेल, पण लायपोच्या बाबतीत वरची मर्यादा ही खरोखरच मर्यादा असते. चार्जर कोणताही घ्या, पहिल्या चार्जनंतर प्रत्येक सेल मीटरने मोजून पाहा.

आता बॅटरीकडे वळतो. लायपोच्या खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला सी-आकडा, म्हणजे पॅक क्षमतेच्या किती पट प्रवाह देऊ शकतो तो आकडा, मी जवळजवळ विचारात घेत नाही. ५००० एमएएच आणि १००सी म्हणजे कागदावर ५०० अँपिअर होतात, आणि तो प्रवाह ज्यातून जायचा ती एक्सटी६० प्रकारची प्लग-जोडणी ६० अँपिअरच्या आसपासची असते. ब्रश मोटरच्या गाडीला तर एवढ्या आकड्यांशी काही देणेघेणेच नाही. खरी परीक्षा अंतर्गत रोधाची आहे. पूर्ण पॅकचा रोध १० मिलिओम असेल आणि मोटर क्षणभर ४० अँपिअर ओढत असेल, तर ०.४ व्होल्ट आतच पडतात आणि १६ वॅट उष्णता पॅकमध्येच तयार होते. रोध दुप्पट झाला की ही दोन्ही दुप्पट. माझ्या दोन पॅकपैकी एक फेब्रुवारीपर्यंत दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम निघू लागला होता, आणि त्याचे दोन सेल धावून आल्यावर एकमेकांपासून ०.०५ व्होल्टने दूर असत. दुकानदाराला वजन विचारण्याचा सल्ला मी देईन: मापे आणि छापील क्षमता सारखी असूनही एक पॅक बराच हलका असेल, तर त्या क्षमतेवर शंका घ्यावी. दोन सेलच्या पट्टीसारख्या टणक पॅकची मापे साधारण १३८ × ४७ × २५ मिलिमीटर असतात, तरी आपल्या गाडीची ट्रे मोजल्याशिवाय मागणी नोंदवू नये, विशेषतः वायर कोणत्या टोकाला निघते ते पाहावे.

टणक कवच घ्यावे, यात मला दुमत वाटत नाही. आपल्या मैदानांवरचे खडे गाडीच्या पोटाखालून आत येतात.

जुना निकेल पॅक मी टाकून दिलेला नाही, आणि लहान मुलांसाठी गाडी घेणाऱ्यांना आजही तोच सुचवतो. त्याचे सेल १.२ व्होल्टचे, सहा जोडून ७.२, वजनाला जड, धावताना वेग हळूहळू उतरत जातो आणि पडून राहिला की आपोआप रिकामा होतो. पण त्याला आदळआपट सोसते, आणि तो लायपोसारखा भडकत नाही. भिंतीवरचा चार्जर २५० मिलिअँपिअर देत असेल तर ३००० एमएएचला बारा तासांहून अधिक लागतात, आणि असे अनेक चार्जर आपणहून थांबत नाहीत. हाच पॅक बी६एसीवर निकेलच्या मोडमध्ये टाकल्यावर भरण्याच्या शेवटी व्होल्टेज किंचित घसरते ते ओळखून चार्जर थांबतो. माझा पुतण्या अजून या पॅकवरच गाडी चालवतो. लायपोकडे जाताना गाडीच्या ईएससीवरील (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकावरील) बॅटरीचा प्रकार बदलणे मात्र विसरू नये. निकेलच्या मोडवर ईएससी लायपोला ३.२ व्होल्टच्या आसपास थांबवत नाही आणि एकाच फेरीत पॅक कायमचा निकामी होऊ शकतो.

सुरक्षेबाबत इंटरनेटवर लायपो भरताना ठेवायच्या आगरोधक पिशव्यांची चर्चा फार होते. मी शहाबादी फरशीवर, पडद्यांपासून दूर, उघड्या कुंडीत पॅक ठेवून भरतो आणि शेजारी वाळूची बादली असते. ही वाळू फौंड्रीत काम करणाऱ्या एका स्नेह्याकडून आणली. मी मोल्डिंगच्या काळ्या वाळूकडे हात करताच ते म्हणाले, "ती नको, साहेब. ओली असते, वर कोळशाची पूड. कोअरची कोरडी सिलिका न्या." मैदानावरून आणलेला गरम पॅक निवून हाताला कोमट लागेपर्यंत भरायला लावत नाही, एप्रिलच्या उन्हात त्याला चांगला अर्धा तास लागतो. भरत असताना वीज गेली तर पॅकला अपाय होत नाही, पण चार्जर आपणहून पुन्हा सुरू होत नाही. गाडी चालवायला बाहेर जाताना याच चार्जरला चारचाकीच्या १२ व्होल्ट बॅटरीचे चिमटे लावता येतात, ही सोय मला घेतल्यानंतर सर्वांत जास्त उपयोगी पडली.

फुगलेला पॅक घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ई-कचरा संकलनाकडेच तो द्यावा आणि तोवर टोकांना चिकटपट्टी लावून घराबाहेर कोरड्या जागी ठेवावा.

तीन सेलकडे जाण्याचा माझा विचार नाही. ब्रश मोटर आणि प्लॅस्टिकचे गिअर ते फार दिवस सोसणार नाहीत. पुढची खरेदी बहुधा अशा चार्जरची असेल, ज्याची रिकामे करण्याची क्षमता २० वॅटच्या पुढे आहे. तोवर दोन्ही पॅक ७.७ व्होल्टला आणून, जोडण्यांना टोप्या घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवले आहेत आणि महिन्यातून एकदा अलार्म खोचून आकडे पाहतो. जुलैअखेर चांगला पॅक ३.८४ आणि ३.८४ वर आहे, दुसरा ३.८३ आणि ३.७९ वर.